काही नवीन नाही

कोरोना मी पहिल्यांदा पाहिला तो अंड्यावर. १९९८ सालची गोष्ट. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन नाशिकला परतलो होतो आणि मोटारसायकलच्या डिकीत पोस्टमॉर्टेमची कात्री टाकून पोल्ट्र्या हिंडत होतो. सिन्नरच्या अलीकडे एका लेअर फार्मवर मालकांनी माझ्यापुढे तीस अंड्यांचा ट्रे ठेवला आणि काही न बोलता उभे राहिले. त्यांना सगळे आण्णा म्हणत, मीही म्हणू लागलो. ट्रेमधली निम्मी अंडी वेडीवाकडी होती. कुणाचं कवच तासभर धुणं धुतलेल्या बोटासारखं सुरकुतलेलं, कुणाला टोकाशी गाठ आलेली, दोन-तीन अंड्यांना तर कवचच नाही, नुसती ओली पिशवी. मी एक ताटलीत फोडलं. चांगल्या अंड्याचा पांढरा बलक पिवळ्याला धरून उभा राहतो. हा पाण्यासारखा ताटलीभर पळाला आणि काठावरून आण्णांच्या चपलेवर सांडला.

‘आयबी,’ मी म्हणालो. म्हणजे इन्फेक्शियस ब्राँकायटिस. परळला असताना वहीत एक ओळ लिहून घेतली होती: कारण, कोरोनाव्हायरस. परीक्षेत ती ओळ लिहिली, एक मार्क मिळाला, विषय संपला. पुढची बावीस वर्षं हा शब्द माझ्यासाठी दुकानातल्या मालासारखा होता. पिल्लांना पहिल्या दिवशी हॅचरीतच फवारा, नाहीतर पाचव्या-सातव्या दिवशी राणीखेतच्या लासोटा लसीबरोबर डोळ्यात थेंब. एच-१२० नावाची लस. त्यातला १२० म्हणजे तो विषाणू कोंबडीच्या गर्भांड्यांमधून १२० वेळा फिरवून मवाळ केला, त्याचा आकडा. एका व्हायलमध्ये हजार डोस. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

२६ जानेवारी २०२० हा रविवार होता. आमच्या शाळेच्या बॅचचा रिवाज असा की झेंडावंदन करून मिसळ खायला जायचं. वुहान शहर बंद होऊन तीन दिवस झाले होते. टेबलावर आम्ही सहाजण, त्यात बंड्या. बंड्या आज शहरातला बऱ्यापैकी नावाजलेला फिजिशियन आहे, त्याच्या केबिनबाहेर लोक दोन-दोन तास बसतात, पण आमच्यासाठी तो बंड्याच. तो त्या दिवशी गप्प होता. कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाला, ‘नॉव्हेल आहे रे. नवा आहे. आपल्याकडे याच्यावर काहीच नाही.’

मला काय सुचलं कोण जाणे. तर्री वाढून घेत म्हणालो, ‘बंड्या, कोरोना मी बावीस वर्षं बघतोय. त्याची लस फ्रीजमध्ये ठेवून विकतोय. काही नवीन नाही.’

सगळे हसले. डॉक्टरला जनावराच्या डॉक्टरने निरुत्तर केलं की लोकांना फार आवडतं, आणि आम्हाला तर त्याहून जास्त. आयुष्यभर ‘तुम्ही डॉक्टर म्हणजे... अच्छा, गुरांचे’ हे ऐकलेल्या माणसाला असा एखादा रविवार सोडवत नाही.

पण ते वाक्य मिसळीच्या टेबलावर राहिलं नाही.

फेब्रुवारीत अफवा आली की कोंबडीतून कोरोना होतो. कुठलंसं छायाचित्र फिरत होतं, फोडलेल्या कोंबडीचं आतडं आणि खाली ‘कोरोनाबाधित चिकन’ असं लिहिलेलं. सिन्नर, दिंडोरी, इगतपुरी, सगळीकडची शेडं भरलेली आणि गिऱ्हाईक पळालेलं. किलोला सत्तर-ऐंशी रुपये खर्चून वाढवलेला पक्षी मार्चमध्ये दहा रुपयांनीही उचलेना. माल तयार झाला की लिफ्टिंग व्हावंच लागतं. कोंबडी काही कांदा नव्हे, चाळीत ठेवून भावाची वाट पाहायला. रोज खाते, रोज वजन वाढतं आणि रोज तोटा वाढतो. एका शेतकऱ्याने माझ्यासमोर दोन हजार पक्षी गावात फुकट वाटले. उरलेल्यांसाठी जेसीबी बोलावला. खड्ड्याच्या काठावर मी उभा होतो. त्या दृश्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

त्या संध्याकाळी आण्णांच्या शेडबाहेर उभं राहून मी मोबाइलवर एक निरोप रेकॉर्ड केला. चार मिनिटांचा होता. त्यात जवळजवळ सगळं बरोबर होतं. कोंबड्यांचा कोरोना हा गॅमा गटातला, माणसांत आलेला बीटा गटातला. कोंबड्यांचा माणसाला होत नाही, माणसाचा कोंबडीला होत नाही. शिजवलेल्या चिकनमध्ये कुठलाच विषाणू टिकत नाही. हे सगळं मी आजही तसंच सांगेन. पण मध्ये कुठेतरी, लोकांना धीर यावा म्हणून, तेच वाक्य पुन्हा आलं: ‘कोरोना काही नवीन नाही, जुनाच आहे, आम्ही त्याची लस वर्षानुवर्षं देतोय, घाबरायचं कारण नाही.’ आमच्या पोल्ट्रीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला आणि झोपलो.

खरं म्हणजे मला हे बोलताना लाज वाटायला हवी होती, कारण ‘जुना’ या शब्दाने माझं स्वतःचं नाक कितीदा कापलं होतं हे मी विसरलो होतो.

२००० च्या आसपास नाशिक-पुण्याकडच्या शेडांमध्ये पिल्लं मरू लागली होती. दोन-तीन आठवड्यांची पिल्लं, बाहेरून धडधाकट. कापून पाहावं तर काळजावर, यकृतावर कुणी खडूची पूड शिंपडल्यासारखा पांढरा थर, मूत्रपिंडं सुजून फिकी पडलेली, मूत्रनलिकांमध्ये पांढरा दोरा. गाऊट. युरिक आम्ल बाहेर पडायला जागा नाही म्हणून आतच साचलेलं. आता गाऊट झालं की पोल्ट्रीत भांडण ठरलेलं. फीडवाला म्हणणार पिल्लंच खराब, हॅचरीवाला म्हणणार फीडमध्ये मीठ जास्त, शेतकरी म्हणणार तुम्ही दोघं मिळून मला बुडवताय, आणि मध्ये डॉक्टर. मी फीडच्या बाजूचा होतो. मीठ तपासा, कॅल्शियम तपासा, पाण्यात गूळ द्या. कुणी ‘आयबी असेल का?’ विचारलं की मी सांगायचो, ‘आयबीची लस झालीय, आणि आयबी असती तर घरघर ऐकू आली असती. ती मूत्रपिंडाला कशाला जाईल?’

ती मूत्रपिंडालाच गेली होती. पुण्याच्या पोल्ट्री डायग्नोस्टिक अँड रिसर्च सेंटरमध्ये गाऊटच्या पिल्लांतून एक विषाणू वेगळा काढला गेला. त्याचं नाव पीडीआरसी/पुणे/इंडिया/१/००. त्यातलं शेवटचं ००, म्हणजे २००० साल. काट्यासारख्या प्रथिनाचं जनुक वाचलं तेव्हा तो जगातल्या ज्ञात आयबी विषाणूंपैकी कुणाशीच नीट जुळेना. २००५ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या शीर्षकातच ‘नव्या जनुकप्रकाराचा’ असं होतं. म्हणजे ज्याला पुढे सगळं जग नॉव्हेल कोरोनाव्हायरस म्हणालं, तशा अर्थाचा एक नॉव्हेल कोरोनाव्हायरस आमच्या पुण्यात वीस वर्षं आधी सापडला होता. फक्त तो कोंबड्यांचा होता, म्हणून बातमी झाली नाही. कुटुंब जुनं, आडनाव तेच, आणि हा मुलगा मात्र आजवर घरात कुणी पाहिलेला नाही. आमची एच-१२० लस त्याच्यापुढे धड उभी राहत नव्हती. विलायतेतही १९९१ च्या सुमाराला असाच एक निघाला होता, त्याच्यासाठी ४/९१ नावाची वेगळी लस करावी लागली. हे सगळं मला पाठ होतं. तरी मिसळीच्या टेबलावर मी ते विसरलो.

आणखी एक प्रसंग आठवतो. मधली काही वर्षं मी सरकारी नोकरीत होतो. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला जावं लागलं. तिथे कोंबड्या जानेवारीच्या अखेरीपासून मरत होत्या आणि पोल्ट्रीवाल्यांचं म्हणणं एकच, राणीखेत आहे. राणीखेतला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, कारण कोंबडी मान पिळवटून पडते. गंमत अशी की १९१८ च्या इन्फ्लुएन्झालाही आपले पूर्वज मानमोडीच म्हणत. दोन वेगळे विषाणू, वेगळी घराणी, एक माणसांचा, एक कोंबड्यांचा, आणि नाव एक. नावावरून रोग ओळखायला गेलं की असं होतं. नवापूरला जी मानमोडी वाटत होती, ती भोपाळच्या प्रयोगशाळेने १८ फेब्रुवारीला बर्ड फ्लू ठरवली, एच५एन१, भारतातला पहिला. मग पांढरे सूट, गॉगल, टॅमिफ्लूच्या गोळ्या आणि तीन किलोमीटरच्या आतला प्रत्येक पक्षी. मी त्या सुटात दोनदा चक्कर येऊन बसलो. रात्री लॉजवर आमच्यातले एक वयस्कर सर म्हणाले, ‘जुनं समजून बसलो ना, की नव्याला आठवडा फुकट मिळतो.’

आणि नेमके त्याच महिन्यांत आमच्याच जिल्ह्यात, मालेगावात, उलटा खेळ चालू होता. लोक तापाने फणफणत होते, सांधे धरून वाकत होते. हजारावर, दोन हजारांवर माणसं. गावात बोललं जात होतं की हा कुठलातरी नवा ताप आहे, बर्ड फ्लूच माणसांत उतरलाय. तो चिकुनगुनिया होता. कोलकात्यात १९६३ ला येऊन गेलेला, नागपुरात १९६५ ला, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९७३ ला. त्यानंतर तीसेक वर्षं गायब. तेवढ्यात एक पिढी बदलली, ओळखणारे निवृत्त झाले. म्हणजे जुनाच? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने जनुकं वाचली तेव्हा निघालं की पूर्वीचा आशियाई प्रकारचा होता आणि हा आफ्रिकी. म्हणजे नवाच? मग संस्थेच्या साठ्यातला एक जुना नमुना निघाला, पुणे जिल्ह्यातल्या यवतला २००० साली पकडलेल्या डासातला, आणि त्यातही आफ्रिकीच प्रकार होता. सहा वर्षं तो इथेच होता. यवतच्या डासाला माहीत होता, आपल्याला नव्हता.

असा सगळा इतिहास पोटात असताना मी म्हणतो, काही नवीन नाही.

२०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बंड्याचा आणि माझा वाद मोबाइलवर चालू राहिला. तो रात्री अकरानंतर मोकळा व्हायचा. ११ फेब्रुवारीला विषाणूंच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या अभ्यासगटाने नव्या विषाणूचं बारसं केलं. तोवर त्याला २०१९-एनसीओव्ही म्हणत, त्यातला एन म्हणजे नॉव्हेल. आता नाव ठेवलं सार्स-कोव्ह-२. म्हणजे २००२-०३ च्या सार्सच्याच प्रजातीतला, त्याचा भाऊबंद. वेगळी प्रजाती म्हणायला नकार. मी लगेच बंड्याला लिहिलं, ‘बघ, पंडितांनीच नॉव्हेल काढून टाकलं.’ त्याने दुसऱ्या आठवड्यात मला एक पत्र पाठवलं, लॅन्सेटमधलं. चिनी शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं की हा सार्सपेक्षा वागण्यात वेगळा आहे, त्याला स्वतंत्र नाव हवं. जागतिक आरोग्य संघटनेलाही सार्स हा शब्द लोकांसमोर नको होता, लोक घाबरतील म्हणून. त्यांनी त्याच दिवशी रोगाचं नाव कोविड-१९ ठेवलं. मला तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं, की हा वाद फक्त नाशिकच्या मिसळीवर चालू नाही, विषाणूंचं आयुष्यभर वर्गीकरण करणारी माणसंही त्यात एकमताची नाहीत.

मग मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. माणसाचा कोरोनाव्हायरस ओळखला गेला तोच मुळी कोंबडीच्या जोरावर. ही गोष्ट मला फार आवडते. स्कॉटलंडची जून अल्मेडा. बस ड्रायव्हरची मुलगी, सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली, ग्लासगोच्या रुग्णालयात प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागलेली. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर तिचा हात असा बसला की लंडनला बोलावलं गेलं. साठच्या दशकात डेव्हिड टायरेल सर्दीच्या विषाणूंवर काम करत होता. त्याच्याकडे एक नमुना होता, बी८१४, शाळेतल्या एका मुलाच्या सर्दीतला, तो कशातच बसत नव्हता. अल्मेडाने पाहिला आणि ओळखला, कारण तसाच मुकुटासारखा काटेरी गोळा तिने आधी पाहिला होता, कोंबडीच्या आयबीमध्ये आणि उंदराच्या यकृतदाहात. आधीच्या वेळी तिने निबंध पाठवला तर परीक्षकांनी परत पाठवला होता, ही इन्फ्लुएन्झाचीच वाईट काढलेली चित्रं आहेत असं सांगून. म्हणजे नव्याला जुनं समजण्यात मी एकटा नाही, तिचे परीक्षकही होते. १९६८ साली आठ विषाणुशास्त्रज्ञांनी नेचरला लहानसं पत्र लिहून कोरोना हे नाव जाहीर केलं. आणि कोंबडीतला आयबी तर १९३१ पासून नोंदलेला. मी बंड्याला लिहिलं, ‘तुझ्या शास्त्राला हा विषाणू आमच्या शास्त्राने दाखवला.’

पुढे गाईचीही गोष्ट सांगितली. माणसाच्या साध्या सर्दीचा एक कोरोनाव्हायरस आहे, ओसी४३. तो वासरांच्या हगवणीच्या कोरोनाचा जवळचा नातेवाईक. बेल्जियमच्या संशोधकांनी २००५ साली दोघांच्या जनुकांतला फरक मोजून कयास बांधला की ते १८९० च्या सुमाराला वेगळे झाले असावेत. आणि १८८९-९० सालीच जगभर एक मोठी साथ आली होती, तिला रशियन फ्लू म्हणतात. ती खरोखर या विषाणूची होती का, हे सिद्ध झालेलं नाही. पण तसं असेल तर आज आपल्या नाकात पाणी आणणारा हा गरीब प्राणी एकेकाळी असाच ‘नवा’ होता. मी हे जुनेपणाचा पुरावा म्हणून सांगत होतो. बंड्याने ते उलटं वाचलं. ‘म्हणजे गरीब व्हायला त्याला सगळं जग एकदा आजारी पाडावं लागलं.’

माझी ही सगळी लांबलचक टंकलेली रसद वाचून बंड्याने शेवटी एकच प्रश्न विचारला. वाघळातल्या विषाणूशी हा ९६ टक्के जुळतो, सार्सशी ८० टक्क्यांच्या आसपास, हे सगळं ठीक. ‘पण मला सांग, तू शेडमध्ये गेलास की सगळ्यात आधी काय विचारतोस?’

मी विचारतो, ‘टायटर किती?’ म्हणजे रक्तात प्रतिपिंडं किती. कळपाने हा विषाणू पाहिलाय का नाही, ते त्यावरून कळतं. पुस्तकात त्याचं नाव आहे की नाही, याने कोंबडीला फरक पडत नाही. कोंबडीचं रक्त त्याला ओळखतं की नाही, तेवढंच.

‘मग माझ्या कळपाचं टायटर शून्य आहे,’ बंड्याने लिहिलं आणि झोपायला गेला.

मी जागाच राहिलो. आपलाच प्रश्न समोरच्याने आपल्यालाच विचारावा, असं माझं वादात कधी झालं नव्हतं. ९६ टक्के म्हणजे जवळच वाटतं. पण तीस हजार अक्षरांच्या जनुकसंहितेत चार टक्के म्हणजे बाराशे अक्षरांचा फरक, आणि तेवढं अंतर पडायला काही दशकं लागतात. ते बाराशे फरक कुठल्या पानावर आहेत, यावर सगळं. आमच्या गाऊटच्या वेळीही काट्याच्या जनुकातल्या फरकानेच खेळ केला होता. कुटुंब ठाऊक असल्यामुळे एक फायदा मात्र नक्की झाला. १० जानेवारीला जनुकसंहिता जाहीर झाली आणि काही दिवसांत चाचण्या तयार झाल्या, लसवाल्यांना कुठल्या प्रथिनावर नेम धरायचा ते आधीच ठाऊक होतं. हे जुनेपण शास्त्राच्या उपयोगाचं होतं. रुग्णाच्या फुप्फुसाच्या उपयोगाचं नव्हतं. माझ्या निरोपात मी ही दोन जुनेपणं एकाच पिशवीत घातली होती.

मार्च संपता संपता लासलगावच्या बाजूला जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला. एप्रिलमध्ये मालेगाव. रात्री साडेदहाला फोन वाजला. आण्णा.

‘डॉक्टरसाहेब, झोपला नाही ना? एक विचारायचं होतं.’

‘बोला ना आण्णा.’

‘आपल्या फ्रीजमध्ये आयबीच्या दोन व्हायल आहेत. लासोटावाली. तुम्ही त्या रेकॉर्डिंगमध्ये म्हणाला होता ना, कोरोनाची लस आहे म्हणून.’

माझ्या पोटात गोळा आला. ‘आण्णा, ती कोंबड्यांची.’

‘ते कळतंय हो मला. पण कोरोना तो कोरोनाच ना? तुम्हीच म्हणाला, जुनाच आहे. व्हायल हजार डोसची, घरात माणसं नऊ. एक-एक थेंब डोळ्यात टाकला तर? कमीच टाकू. म्हातारीचं वय बघता...’

मी उठून बसलो. आण्णा मूर्ख माणूस नव्हे. अकाउंट्स स्वतः ठेवतात, इंटरनेटवरून भाव काढतात, दहावी नापास आहेत पण फीडचं गणित माझ्यापेक्षा चांगलं करतात. त्यांनी माझ्या वाक्यावरून बरोबर तर्क केला होता. चूक वाक्यात होती.

मी सांगितलं की त्या लसीत लासोटा पण आहे, राणीखेतचा जिवंत विषाणू, त्याने माणसाचे डोळे येतात. माझे दोनदा आलेत, फवारा उलटून. पहिल्या वेळी आठवडाभर पापण्या चिकटत होत्या, बायकोने कोमट पाण्याने सोडवल्या. आणि आयबीचा भाग माणसात काहीच करणार नाही, ना वाईट ना बरं. कोंबड्यांतसुद्धा एक आयबीची लस दुसऱ्या आयबीला पुरत नाही, तुमच्या शेडात आपण पाहिलंय. आण्णा म्हणाले, ‘हां, ती सुरकुतलेली अंडी. तेव्हाही लस झालेलीच होती की.’

तेव्हाही लस झालेली होती. मी ती गोष्टच विसरलो होतो. त्या अंड्यांच्या दिवशी मी वहीत पुढे लिहिलं होतं: लसीकरण पूर्ण, तरीही. आण्णांच्या लक्षात राहिलं होतं.

‘आण्णा, आत्ता पातेल्यात पाणी उकळा आणि दोन्ही व्हायल त्यात टाका. मी फोनवर थांबतो.’

‘आत्ता?’

‘आत्ता.’

गॅस पेटवल्याचा आवाज आला. वहिनींचा आवाज आला, ‘या वेळी काय उकळताय?’ आण्णा काहीतरी पुटपुटले. मग बराच वेळ पाणी खळखळण्याचा आवाज. मधूनच आण्णांनी विचारलं, ‘डॉक्टर, साडेतीनशे रुपयांची व्हायल आहे, माहिती आहे ना?’ मी म्हणालो, पैसे मी देतो. ते हसले. ते पैसे त्यांनी आजपर्यंत घेतलेले नाहीत. पुढे मी वाचलं की चिलीमध्ये पशुवैद्यकांनी कुत्र्यांची कोरोनाची लस माणसांना टोचली होती, तेव्हा मला आण्णांचं पातेलं आठवलं आणि हसू काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर दुसरा निरोप टाकला, पहिल्यातलं ते वाक्य मागे घेतो म्हणून. त्याला तीन अंगठे आले. पहिल्याला साठ आले होते.

मग जे सगळ्यांचं झालं ते आमचंही झालं. बंड्या २०२० च्या सप्टेंबरात स्वतः आजारी पडला, बारा दिवस दाखल होता. मी फोन केला तर धापा टाकत म्हणाला, ‘आता माझं टायटर येईल बघ.’ २०२१ च्या उन्हाळ्यात आणखी एक नवा शब्द आला, डेल्टा. तो बी.१.६१७ च्या घरातला, आणि त्या घराण्याचे सुरुवातीचे नमुने आपल्या महाराष्ट्रातलेच. आम्ही पुन्हा तोच वाद घातला नाही. त्या एप्रिलमध्ये वाद घालायला कुणाकडे श्वास नव्हता.

जानेवारी २०२२ मध्ये डोंबिवलीच्या आत्याने आमच्या घरच्या ग्रुपवर एक ध्वनिफीत टाकली. वर लिहिलं होतं: ‘नक्की ऐका. नाशिकचे मोठे डॉक्टर सांगताहेत.’ चौदा सेकंदांची होती. मी ऐकली. एक माणूस खात्रीच्या आवाजात म्हणत होता, कोरोना काही नवीन नाही, जुनाच आहे, घाबरायचं कारण नाही. मधला लसीचा तुकडा कुणीतरी सफाईने कापला होता. मागे फीडच्या ट्रॉलीची खडखड आणि हजारो लेअर पक्ष्यांचा तो ओळखीचा कलकलाट, जो मी झोपेतही ओळखीन.

आत्याला फोन लावला.

‘आत्या, तो आवाज ओळखला नाहीस?’

‘कुणाचा रे? मोठे डॉक्टर आहेत म्हणे. किती शांतपणे सांगतात.’

‘मी आहे तो.’

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग, ‘मेल्या, तू कुठला डॉक्टर? तू तर कोंबड्यांचा.’

‘हो ना. म्हणूनच मागे कोंबड्या ओरडताहेत.’

‘अरे देवा. आणि मी त्याच्यामुळे दुसरा डोस घेतला नाही, म्हटलं जुनाच आहे तर कशाला.’

‘उद्या सकाळी जा आणि घे. आणि तो मेसेज आधी काढून टाक.’

‘इथला काढते,’ आत्या म्हणाली. ‘पण भिशीच्या ग्रुपवर टाकलाय, आणि भजनी मंडळाच्या. तिथून आता तो कुठे कुठे गेलाय, ते मला काय माहीत?’